डायनिंगचा दिवा टेबलाच्या मधोमध कसा आणायचा

लातूर, औसा, निलंगा, उदगीर या पट्ट्यात मी वायरिंगची कामं करतो. घर कुणाचंही असो, डायनिंगच्या दिव्याबद्दल एक प्रश्न हमखास येतो: "भाऊ, लाईट टेबलावर कामून येत नाही?" कारण साधं आहे. स्लॅब टाकताना छतातल्या वायरचा बॉक्स खोलीच्या मधोमध बसवतात. तेव्हा टेबल कुठं लागणार हे कुणी ठरवलेलं नसतं. पुढं एका भिंतीला फ्रिज येतो, कोपऱ्यात वॉश बेसिन येतं आणि टेबल दीड-दोन फूट बाजूला सरकतं. दिवा जिथल्या तिथं राहतो. मग उजेड जेवणाऱ्याच्या पाठीमागून येतो आणि त्याच्याच डोक्याची सावली ताटात पडते.

म्हणून खोलीचा मध्य सोडा, टेबलाचा मध्य धरा. आणि दिवा हलवायला स्लॅब फोडू नका. हे दुसरं मी हट्टानं सांगतो, कारण "थोडी झिरी मारू, पाइप टाकू, वरून पुट्टी भरू" असं सुचवणारे पुष्कळ भेटतील. घराचा स्लॅब चार ते पाच इंच जाडीचा असतो आणि खालच्या सळया तळापासून जेमतेम पाऊण-एक इंचावर असतात. पाइप बसेल एवढी झिरी मारली की सळईवरचं काँक्रीटच निघून जातं. पुढं ओल लागली की सळई गंजते, फुगते आणि खालचा थर पोपडे धरून गळायला लागतो. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप पाहिलेल्या आमच्या भागात छताशी खेळ नको हे वेगळं सांगावं लागत नाही, तरी दिव्यापायी लोक तयार होतात याचं मला वाईट वाटतं.

आधी टेबल पक्कं करा. खुर्च्या मागं ओढून, माणसं बसवून बघा. खुर्चीच्या मागून ताट घेऊन जाता आलं पाहिजे. चार दिवस तसंच वापरा, मगच छताला हात लावा.

मग मध्य काढा. टेबलाच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांतून दोन सुतळ्या तिरप्या ताणा. त्या जिथं एकमेकींना छेदतात तिथं चिकटपट्टीचा तुकडा लावून फुली मारा. आता गवंड्याचा ओळंबा घ्या. पंखा बंद करा. एकानं घोड्यावर (दुहेरी शिडीवर) चढून ओळंब्याची दोरी छताला धरायची, दुसऱ्यानं खाली बसून टोक फुलीवर येतंय का ते बघायचं. ओळंबा हलायचा थांबेपर्यंत धीर धरा. टोक फुलीवर स्थिर झालं की वर दोरीपाशी पेन्सिलीची खूण करा. नुसत्या टेपनं भिंतीपासून मोजून खूण करू नका. आपल्याकडच्या खोल्या क्वचितच काटकोनात असतात.

जुन्या पॉइंटपासून ही खूण किती लांब आहे त्यावर पुढचं काम ठरतं. चार-सहा इंचांचाच फरक असेल तर वायर ओढत बसू नका. छताला लागणारी वाटी मोठ्या व्यासाची घ्या किंवा लांबट पट्टीचा दिवा आणा. पट्टी जुनं भोक झाकते आणि दिवे टेबलावर येतात.

फूट-दोन फुटांचा फरक असेल तर सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे खुणेवर एक हूक मारायचा आणि जुन्या पॉइंटवरून वायर झोळ देऊन हुकापर्यंत आणायची. झोळ सहा-आठ इंचांचा ठेवा. त्याहून कमी ठेवला तर वायर ताणल्यासारखी दिसते, जास्त ठेवला तर लोंबते. वायर तीन कोअरची (आत तीन तारा असलेली) घ्या आणि दिव्याचं वजन वायरवर येऊ देऊ नका, ते साखळीवर किंवा दांडीवर घ्या.

त्याहून जास्त अंतर असेल तर केसिंग पट्टी, म्हणजे आतून वायर नेता येते ती प्लॅस्टिकची पोकळ पट्टी. ती भिंतीला समांतर न्या, तिरपी नेली की वर बघणाऱ्याचे डोळे तिच्यावरच अडकतात. वळणावर दोन्ही तुकडे पंचेचाळीस अंशात कापून जोडा. नुसत्या चिकटपट्टीवर विसंबू नका, आपल्या उन्हाळ्यात स्लॅब तापतो आणि पट्टी सुटते. दर दीड फुटाला स्क्रू मारा, मग छताचाच रंग पट्टीला द्या.

जिप्समचं किंवा पीओपीचं फॉल्स सिलिंग असेल तर काम सोपं, वायर आतून लवचीक पाइपातून नेता येते. मात्र जड दिवा जिप्समच्या शीटवर टांगू नका. त्याचा आधार वर स्लॅबमधून घ्या.

काम सुरू करताना वीज बंद करायची म्हणजे नुसता मेन पाडायचा नाही. आपल्याकडं घरोघर इन्व्हर्टर आहे आणि दिवे-पंखे बहुतेक त्याच्यावरच असतात. मेन पाडला की इन्व्हर्टरला वाटतं लाईट गेली, आणि क्षणात तो त्याच पॉइंटला करंट देतो. तुमचा हात तेव्हा बॉक्समध्ये असतो. मेन पाडा, इन्व्हर्टरही बंद करा, त्याच्या आउटपुटचा एमसीबी (वीज तोडणारा छोटा स्विच) पाडा आणि घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. मग जो टेस्टर आधी चालू पॉइंटवर तपासून घेतलेला असेल तोच बॉक्समधल्या प्रत्येक वायरला लावा. वीज हाताळायचा सराव नसेल तर इथून पुढं परवानाधारक वायरमनला बोलवा, मोजणी आणि खूण तुम्ही करून ठेवली तरी त्याचं अर्धं काम झालेलं असतं.

बॉक्स उघडला की दिव्यासाठी वेगळ्या स्विचची वायर आहे का ते बघा. नुसती पंख्याची असेल तर तिच्यावर दिवा जोडू नका. ती रेग्युलेटरमधून येते, एलईडी तिच्यावर फडफडतो आणि लवकर जातो. वेगळी वायर नसेल तर स्विचबोर्डापासून पाइपातून स्प्रिंग घालून ओढावी लागते. पाइप भरलेला असेल तर जबरदस्ती करू नका, जवळच्या भिंतीवरच्या दिव्याच्या पॉइंटवरून केसिंग आणा. स्विच फेजवर, म्हणजे करंट आणणाऱ्या वायरवर असला पाहिजे. तो चुकून न्यूट्रलवर, म्हणजे परतीच्या वायरवर असेल तर बंद केल्यावरही एलईडी मिणमिणू शकतो आणि होल्डरला करंट राहतो. अर्थिंगची हिरवी वायर धातूच्या दिव्याला जोडाच.

ड्रिल मारताना जुना बॉक्स आणि स्विचबोर्डाची भिंत यांच्यामधली सरळ रेषा टाळा, पाइप बहुधा तिथूनच गेलेला असतो. सहा मिमीचं बिट, दीड इंच खोल, त्यात स्क्रू धरणारी प्लॅस्टिकची गिट्टी. बिटाचा आवाज एकदम बदलला आणि भुकटी यायची थांबली तर सळई लागली आहे. जोर लावू नका, इंचभर बाजूला घ्या. दिवा तीन किलोच्या वर असेल तर गिट्टीऐवजी लोखंडी फास्टनर वापरा.

आता पंख्याचं. एप्रिल-मे मध्ये पारा चाळीसच्या वर असताना पंख्याशिवाय जेवण होत नाही, त्यामुळं पंखा मधल्या हुकावरच राहणार. घरातला नेहमीचा पंखा बाराशे मिमीचा, म्हणजे मध्यापासून पात्याच्या टोकापर्यंत दोन फूट. दिवा पंख्याच्या मध्यापासून निदान तीन फूट लांब हवा. एवढी जागा नसेल तर लोंबता दिवा नकोच, टेबलालगतच्या भिंतीवर पुढं आलेल्या हाताचा दिवा लावा. झोळाची वायर पात्याच्या वाऱ्यात येता कामा नये. वायरवर लोंबणारा दिवा पंख्यानं झुलतो आणि ताटातल्या सावल्या हलतात, म्हणून पंखा जवळ असेल तर कडक दांडीचाच घ्या.

उंचीत बरेच जण कंजुषी करतात आणि दिवा छताजवळच ठेवतात. टेबल जमिनीपासून अडीच फूट असतं, दिव्याचा खालचा काठ टेबलापासून तीस ते छत्तीस इंच वर ठेवा. खुर्चीवर बसून बघा: बल्ब डोळ्यांत यायला नको आणि समोरच्याचा चेहरा झाकला जायला नको. बल्ब ३००० केल्विनच्या आसपासचा, पिवळसर घ्या. पांढऱ्याफटक उजेडात वरण फिकट दिसतं आणि लाल ठेचासुद्धा मळकट वाटतो. शेडचा वरचा भाग बंद असू द्या. पहिल्या पावसानंतर संध्याकाळी पाखरं येतात, उघड्या शेडमध्ये ती साचतात आणि तिथून खाली ताटात पडतात.

सगळ्यांची छतं स्लॅबची नसतात. गर्डर आणि शहाबादी फरशीचं छत असेल तर फरशीला भोक पाडू नका, ती तडकते. गर्डरला पकडणारा क्लॅम्प मिळतो, त्याला दिवा टांगा आणि वायर गर्डरच्या कडेनं न्या. माळवदाच्या घरात हूक तुळईतच घ्या, वरच्या लाकडी पट्ट्यांमध्ये नाही. अशा घरात वायर पाइपातूनच न्या, उघडी वायर उंदीर कुरतडतात. टेबल तुळईच्या रेषेत येत नसेल तर तुळईखाली टेबल सरकवणं जास्त शहाणपणाचं.

जोडणी झाली की आधी मेन चालू करून बघा, मग मेन पाडून इन्व्हर्टरवर बघा. पंखा पाचवर ठेवून दहा मिनिटं दिव्याकडं लक्ष द्या.

आणि ज्यांचं बांधकाम आत्ता चालू आहे त्यांनी स्लॅब पडायच्या आदल्या दिवशी सेंट्रिंगवर चढून यावं. डायनिंगला एका बॉक्सऐवजी दोन बॉक्स मागा: एक पंख्याचा, दुसरा टेबल जिथं येईल तिथला, स्वतंत्र पाइपासकट. सळयांची जाळी बांधलेली असते, पाइप टाकायला अर्धा तास लागतो.