शेजारी रिफायनरी, गॅस टर्मिनल नाहीतर अणुप्रकल्प असेल तर पळायचं कधी आणि घरात थांबायचं कधी

अशा ठिकाणाजवळ राहणाऱ्यांना सगळे एकच सल्ला देतात, काही झालं की पळा. हा सल्ला अर्धवट आहे. काही अपघातांत पळणारा वाचतो आणि काही अपघातांत पळणाराच सापडतो, त्यामुळे पहिलं काम हे की भिंतीपलीकडे नक्की काय साठवलंय ते शोधून काढा. "गॅसची कंपनी आहे" एवढं माहीत असून काही उपयोग नाही. कुठला पदार्थ, साधारण किती टन, वाईटात वाईट झालं तर परिणाम किती किलोमीटरपर्यंत जाईल आणि सायरन कसा वाजला की काय करायचं, हे चार प्रश्न लेखी विचारा, कंपनीला पण आणि प्रशासनाला पण. इटलीत १९७६ ला सेव्हेसो गावाजवळच्या रासायनिक कारखान्यातून विषारी ढग सुटला, त्यानंतर युरोपात शेजाऱ्यांना ही माहिती देणं कायद्याने बंधनकारक झालं, भारतातही १९८९ च्या नियमांत कारखान्याबाहेरच्या आपत्कालीन आराखड्याची तरतूद आहे. म्हणजे विचारताना संकोच करायचं काही कारण नाही.

आता पदार्थाप्रमाणे बघू.

एलपीजी हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असतो. गळती झाली की तो वर उडून जात नाही, जमिनीलगत सरपटत नाल्यात, गटारात, तळघरात जाऊन साचतो आणि हवेत जेमतेम २ टक्के मिसळला तरी पेटू शकतो. इथे घरात थांबून चालत नाही. वास आला किंवा जमिनीलगत पांढरं धुकं पसरताना दिसलं तर कुठलंही बटण चालू करू नका आणि बंद पण करू नका, गाडीला किल्ली लावू नका, चालत निघा आणि उंच भागाकडे जा. मेक्सिको सिटीजवळ सान हुआनिकोला १९ नोव्हेंबर १९८४ ला एलपीजी डेपोत एकामागून एक टाक्या फुटत गेल्या, सुमारे ५०० माणसं गेली, कारण वस्ती डेपोला अगदी खेटून वाढली होती. पेट्रोलच्या डेपोचंही तसंच. इंग्लंडमध्ये बन्सफिल्डला डिसेंबर २००५ मध्ये टाकीची पातळी दाखवणारा गेज अडकला, पेट्रोल वरून सांडत राहिलं, त्याच्या वाफेचा ढग जमला आणि मग मोठा स्फोट झाला. रविवारची पहाट होती म्हणून कोणी दगावलं नाही एवढंच.

एलएनजी म्हणजे द्रवरूप नैसर्गिक वायू थोडा वेगळा, तो उणे १६२ अंशांना द्रव करून ठेवतात, सांडला की थंडगार वाफ सुरुवातीला जमिनीलगतच राहते आणि तापल्यावर वर जाते. त्याला बहुतेक वेळा वास नसतोच, त्यामुळे नाकावर विसंबू नका.

नाकाचं अजून एक. रिफायनरीत हायड्रोजन सल्फाइड असतो, सडक्या अंड्याचा वास येतो तो. प्रमाण साधारण १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) आसपास गेलं की नाकच बधिर होतं आणि वास गेला असं वाटतं. वास अचानक थांबला म्हणून सुटलो असं समजू नका.

असा विषारी वायू, किंवा वीजप्रकल्पात थंड करायच्या पाण्यासाठी वापरतात तो क्लोरीन सुटला, तर मात्र उलटं करायचं. घरात या, दारं-खिडक्या लावा, एसी आणि एक्झॉस्ट फॅन बंद करा, फटींत ओले टॉवेल खुपसा, कमीत कमी खिडक्या असलेल्या आतल्या खोलीत बसा, हे वायू जड असल्याने शक्य असेल तर वरच्या मजल्यावर. (हो, वर म्हटलं बटणाला हात लावू नका आणि इथे म्हणतोय एसी बंद करा. पेटणारा वायू वेगळा आणि विषारी वायू वेगळा, म्हणून तर आधी माहिती काढायची.) ढग पुढे गेल्याचं जाहीर झालं की लगेच खिडक्या उघडून बाहेर या, कारण आत शिरलेला थोडाफार वायू बंद घरात रेंगाळत राहतो. आणि एन९५ मास्क धूळ-राख अडवतो, वायू नाही.

बाहेर असतानाच ढग आला तर वाऱ्याच्या दिशेने पळू नका, तो तुमच्यासोबतच येणार. झाडाची पानं, झेंडा, चिमणीचा धूर बघून वारा ओळखा आणि त्याला आडवे निघा. भेटायची जागा ठरवताना पण हेच लक्षात ठेवा, एक जागा ठरवून भागत नाही, प्रकल्पाच्या दोन वेगवेगळ्या बाजूंना दोन ठरवा, त्या दिवशीचा वारा बघून एक निवडायची. मुलं शाळेत असतील तर त्यांना आणायला ढगातून जाऊ नका. शाळेने त्या वेळी काय करायचं ठरवलंय ते मात्र आजच विचारून ठेवा.

अणुप्रकल्पाच्या बाबतीत पहिला सल्ला बहुतेकदा घरात थांबा हाच असतो. आयोडीनची गोळी फक्त थायरॉइडला (गळ्यातल्या ग्रंथीला) किरणोत्सर्गापासून वाचवते, ती पण वेळेवर घेतली तरच, म्हणून सांगितल्याशिवाय घेऊ नका. चेर्नोबिलनंतर मुलांना थायरॉइडचा कॅन्सर झाला त्यात दूषित दुधाचा मोठा वाटा होता, त्यामुळे असं काही झालं तर स्थानिक दूध आणि पालेभाजी प्रशासन सांगेपर्यंत बंद. आणि फुकुशिमात २०११ ला घाईघाईत हलवताना हॉस्पिटलमधल्या कित्येक वयस्कर रुग्णांचा जीव गेला. घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल तर त्यांना कसं न्यायचं, कोण उचलणार, ऑक्सिजन किंवा औषधं कुठे, हे लिहून ठेवा.

बॅटरी साठवणुकीचे नवे प्रकल्प येतायत. लिथियम बॅटरी पेटली की हायड्रोजन फ्लोराइडसारखे विषारी वायू निघतात, आग विझली असं वाटल्यावरही परत पेटू शकते. कॅलिफोर्नियात मॉस लँडिंगला अशी आग लागली तेव्हा, जानेवारी २०२५ मध्ये, हजाराहून जास्त लोकांना घर सोडायला सांगितलं होतं. इथे पण खिडक्या बंद, आणि निघायला सांगितलं तर घासाघीस नको.

स्फोटाचा आवाज आला की खिडकीशी जाऊन मोबाईलवर शूटिंग करणारे हमखास असतात. पुढच्या स्फोटाने काच अंगावर येते, खिडकीपासून लांब राहा.

रोजचं पण बघायला हवं. रिफायनरीच्या उंच नळीवरची ज्योत दिसली म्हणून घाबरू नका, जास्तीचा वायू तिथे मुद्दाम जाळतात, पण बराच वेळ काळा धूर किंवा मोठा घरघराट चालू असेल तर तक्रार करण्यासारखं आहे. कूलिंग टॉवरचा पांढरा ढग म्हणजे पाण्याची वाफ. कोळशावरच्या वीजप्रकल्पाच्या राखेत मात्र आर्सेनिक, शिसं, पारा असतो, राखेचा तलाव जवळ असेल तर विहिरीचं नाहीतर बोअरचं पाणी मान्यताप्राप्त लॅबमधून जड धातूंसाठी तपासून घ्या, नुसता क्षारांचा मीटर बुडवून काही कळत नाही.

वास, धूर, आवाज यांची नोंद ठेवा, तारीख, वेळ, वारा कुठून, किती वेळ, कोणाचे डोळे चुरचुरले. एकट्याच्या फोनपेक्षा दहा घरांची एकाच वेळेची नोंद वजनदार ठरते. आणि सायरनची चाचणी असेल त्या दिवशी खिडक्या लावून, फॅन चालू ठेवून आत बसा आणि ऐकू येतो का बघा, नसेल येत तर त्याच दिवशी लेखी कळवा.