जर्मनीचा लष्करी विस्तार अभ्यासताना मार्च १९३९ वर थांबा

इतिहास वैकल्पिक किंवा नेट-सेटची तयारी नव्याने सुरू केलेल्यांसाठी लिहितोय. व्हर्साय, महामंदी, हिटलरचा उदय हे वाचून झालंय असं धरतो.

खरी गोची पुढे आहे. १९३५ ची सक्तीची लष्करभरती, १९३६ ऱ्हाईनलँड, मार्च १९३८ ऑस्ट्रिया, सप्टेंबर १९३८ म्युनिक, मार्च १९३९ प्राग, १ सप्टेंबरला पोलंड. सनावळी चोख पाठ होते आणि विषय संपला असं वाटतं. मग प्रश्न येतो: युद्ध १९३८ मध्ये न होता १९३९ मध्येच का झालं? माझी लेखणी इथेच अडली होती, ती बोच अजून गेलेली नाही.

म्युनिक आणि प्राग ‘चेकोस्लोव्हाकिया घेतला’ अशा एका ओळीत कोंबू नका. म्युनिकच्या करारात चेकोस्लोव्हाकियाच्या हातून गेला तो फक्त सरहद्दीवरचा सुडेटनलँड. तिथे सुमारे ३० लाख जर्मनभाषक होते. ऱ्हाईनलँड तर जर्मनीचाच, ऑस्ट्रियाही जर्मनभाषक. ‘आमची माणसं आमच्यात येताहेत’ हा हिटलरचा दावा लंडनमध्ये अनेकांना पटत होता, ब्रिटिश पंतप्रधान चेंबरलेनचं अनुनयाचं (मागण्या मान्य करत युद्ध टाळण्याचं) धोरण त्याच्याच आधारावर तगून होतं. १५ मार्च १९३९ ला जर्मन सैन्य प्रागमध्ये शिरलं आणि तो आधारच गेला, कारण आता ताब्यात आलेली प्रजा चेक होती. ३१ मार्चला ब्रिटनने पोलंडला हमी दिली. युद्ध पेटलं सप्टेंबरात, पण ब्रिटन त्यात बांधला गेला तो मार्चमध्येच.

नकाशा स्वतःच्या हाताने काढा. बोहेमियाच्या कडेकडेने डोंगररांगा, त्याच पट्ट्यात सुडेटनलँड, आणि चेकांची सरहद्दीवरची तटबंदीही बरीचशी तिथेच. ती गेल्यावर उरलेला देश उघडा पडला. प्रागनंतर चेक शस्त्रसाठा आणि पिल्झेनचा श्कोडा कारखाना जर्मनीकडे आला. १९४० मध्ये फ्रान्सवर चालून गेलेल्या जर्मन सेनानी रोमेलच्या ७व्या पँझर (रणगाडा) डिव्हिजनचे बरेच रणगाडे चेक बनावटीचे होते. एक विस्तार पुढच्या विस्ताराला बळ कसं पुरवतो, ते उत्तरात असं दाखवायचं.

वन-लायनरच्या पीडीएफ डिलीट करा. त्या वाचून अभ्यास झाल्यासारखा वाटतो, हाच त्यांचा धोका. आणि तुमचं उत्तर वाचून एकदाही ‘का?’ न विचारणारा मार्गदर्शक कितीही नावाजलेला असो, तो सोडा. कॉलेजच्या ग्रंथालयात बसून वाद घालणारा एक मित्र जास्त कामाचा.

बाकी घाबरू नका. १९३७ चं हॉसबाख टिपण (हिटलरने सेनाधिकाऱ्यांपुढे मांडलेल्या विस्ताराच्या बेताची नोंद), शस्त्रसज्जतेचा पैसा उभा करणाऱ्या मेफो हुंड्या, हिटलरची योजना आखीव होती की तो संधिसाधू होता हा वाद, हे पहिल्या वाचनात डोक्यावरून गेलं तरी काही बिघडत नाही, दुसऱ्या वाचनात बसतं. २३ ऑगस्टचा नाझी-सोव्हिएत करार मात्र अजिबात सोडू नका. त्याच्या गुप्त कलमांत पोलंडची वाटणी ठरली होती, म्हणूनच १७ सप्टेंबरला सोव्हिएत फौजा पूर्वेकडून आत आल्या.

भारताशी जोडून प्रश्न आला तर ३ सप्टेंबरपासून सुरुवात करा: व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी भारतीय नेत्यांना न विचारताच भारत युद्धात असल्याचं जाहीर केलं, आणि काही आठवड्यांत काँग्रेसच्या इतर प्रांतिक मंत्रिमंडळांप्रमाणे मुंबईत बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळानेही राजीनामा दिला.