थ्री-पीस व्हील जोडताना या चुका टाळा

थ्री-पीस व्हील म्हणजे फेस (स्पोकचा मधला भाग), लिप (बाहेरची कड) आणि बॅरल (आतला नळकांड्यासारखा भाग) बोल्टनं जोडून केलेलं चाक. प्रोजेक्ट कारचं असं व्हील हवा सोडायला लागलं की पहिला संशय सांधा बंद करणाऱ्या सिलिकॉनवर जातो. मग जुन्यावरच आणखी एक थर चढतो आणि काही दिवसांत टायर पुन्हा बसतो. खरी गडबड बऱ्याचदा त्याच्याही आधी, पावडर कोटिंगच्या (रंगाची पावडर भट्टीत भाजून चढवण्याच्या) वेळीच झालेली असते.

आपल्या नागपुरात हिंगणा एमआयडीसीत कोटिंगला फेस द्यायला गेलात की "पूर्ण मारून देतो ना भाऊ, चकाचक" हे ऐकायची तयारी ठेवा. नेमकं तेच नको. फेस, लिप आणि बॅरल एकमेकांवर टेकतात ती पट्टी, बोल्टची भोकं, व्हील नटाची बैठक आणि हबला चिकटणारी मागची बाजू कोरी राहायला हवी. पावडरचा थर साधारण 60 ते 100 मायक्रॉनचा असतो. बोल्ट आवळला की तो दबतो, गाडी तापली आणि खड्ड्यांत आपटली की आणखी दबतो, आणि बोल्ट जराही न फिरता त्याची पकड जाते. म्हणून मास्किंग टेप आणि सिलिकॉनची बुचं स्वतः लावूनच माल द्या. भट्टीचं तापमानही विचारा. पावडर बहुधा 180 ते 200 अंशांवर भाजतात आणि फोर्ज्ड 6061-टी6 (उष्णता देऊन कडक केलेल्या ॲल्युमिनियम मिश्रधातूचा) फेस त्या उष्णतेत गरजेपेक्षा जास्त वेळ राहिला तर त्याची ताकद घटते. जुना रंग भट्टीत जाळून काढायला तर साफ नाही म्हणा.

लिपवर ॲनोडायझिंग (ॲल्युमिनियमवर चढवलेला कडक ऑक्साइडचा थर) असेल तर ते काढल्याशिवाय बफ मारून काही उपयोग नाही. कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात ते निघतं, पण तेच पाणी पुढे ॲल्युमिनियमही खायला लागतं, आणि तेव्हा निघणारा हायड्रोजन पेट घेतो. हातमोजे, चष्मा, उघडी जागा. थोडा थोडा वेळ ठेवा, धुवा, बघा. मग 400, 600, 800, 1000, 1500 असा वॉटर पेपर क्रमानं. मधला नंबर गाळला की त्याचे ओरखडे बफ झाल्यावर, गाडी उन्हात उभी केली की दिसतात.

आता बोल्ट. इथे घाई सगळ्यात महाग पडते. इम्पॅक्ट गन बाजूला ठेवा. व्हील नटासाठी घेतलेला मोठा टॉर्क रेंचही (ठरावीक जोरानं, म्हणजे टॉर्कनं, आवळायचा पाना) चालणार नाही, कारण हे बोल्ट बारीक असतात, बहुधा एम7 किंवा एम8, आणि मोठा रेंच कमी टॉर्कवर भरवशाचा नसतो. टॉर्कचा आकडा व्हील बनवणाऱ्याचाच घ्या. दुसऱ्या व्हीलचा ऐकीव आकडा नको. तो आकडा कोरड्या आट्यांसाठी दिला असेल आणि तुम्ही ग्रीस लावलं, तर घर्षण कमी होऊन तोच टॉर्क बोल्टला जास्त ताणतो. समोरासमोरचे बोल्ट घेत आधी अर्ध्या, मग पूर्ण टॉर्कवर या, शेवटी एक फेरी ओळीनं मारा. प्रत्येक डोक्यावरून फेसपर्यंत पेंटची बारीक रेघ ओढून ठेवा; बोल्ट फिरला तर रेघ तुटलेली दिसेल.

सिलिकॉन दोन भागांच्या मध्ये नाही, तर बोल्ट आवळून झाल्यावर टायरच्या आतल्या बाजूच्या सांध्यावर, सलग पट्टीत. जुनं सिलिकॉन प्लॅस्टिकच्या पट्टीनं पूर्ण खरवडा, कारण नवं त्याला धरत नाही. इतवारीत खिडकीच्या काचेसाठी मिळणारी स्वस्त, व्हिनेगरसारखा वास येणारी ट्यूब घेऊ नका. त्यातलं आम्ल ॲल्युमिनियमला गंजवतं. न्यूट्रल क्युअरच, म्हणजे पक्कं होताना असं आम्ल न सोडणारं सिलिकॉनच हवं. आणि नागपूरकरांनो, मे महिन्यातल्या 45 अंशांवर विसंबू नका राजेहो! सिलिकॉन हवेतल्या ओलाव्यानं पक्कं होतं, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात नेमका ओलावाच नसतो. ट्यूबवर 24 तास लिहिले असतील, तर एप्रिल-मेत त्याच्या दुप्पट वेळ थांबून मगच टायर चढवा. टायरवाल्याला हे थ्री-पीस आहे असं आधीच सांगा, नाहीतर त्याच्या लोखंडी पट्टीनं सिलिकॉनची पट्टी फाटते.

तरीही हवा जात असेल तर साबणाचं पाणी मारा. बुडबुडे बोल्टच्या डोक्याशी आले तर सांधा आतून फुटलाय. डोक्यावर सिलिकॉन थापून तो बंद होत नाही. व्हॉल्व्हशी आले तर रबर वॉशर बदला आणि सुटा. व्हील खोलायची वेळ आलीच तर आधी व्हॉल्व्हची पिन काढून सगळी हवा जाऊ द्या आणि टायर उतरवा. हवा भरलेल्या व्हीलचे जोडबोल्ट सैल केले तर तुकडे अंगावर उडू शकतात.

बॅलन्सिंग होऊनही स्टीअरिंग थरथरत असेल तर आणखी वजनं चिकटवत बसू नका. टायर उतरवा, व्हील हबवर लावा, डायल गेज (बारीकसा फरकही काट्यावर दाखवणारं मापक) टेकवून हळूहळू फिरवा. काटा एकाच जागी उडत असेल तर तिथला सांधा खोलून बघा. पावडरचा एखादा थेंब नाहीतर जुन्या सिलिकॉनचा तुकडा फेसखाली अडकलेला असतो.