सल्ला आवरायला शिकताना : व्यक्तिगत कोच होण्याची तयारी

व्यक्तिगत कोच व्हावे असे ज्यांना वाटते, त्यांच्याकडे लोक बहुधा आधीपासूनच सल्ला मागायला येत असतात आणि 'तुम्ही फार छान समजावून सांगता' हे वाक्य त्यांनी अनेकदा ऐकलेले असते. या व्यवसायाकडे वळण्याचे ते एक स्वाभाविक कारण आहे. मात्र शिकायला सुरुवात केली की पहिली अडचण त्याच सवयीची होते. मेंटॉर आपला अनुभव देतो, सल्लागार आपले ज्ञान देतो आणि प्रशिक्षक एखादे कौशल्य शिकवतो. कोचचे मुख्य काम मात्र असे संभाषण घडवून आणण्याचे असते, की ज्यातून समोरच्या माणसाला आपला प्रश्न स्पष्ट दिसेल, आपल्या पर्यायांतून निवड करता येईल आणि निवडलेले तडीस नेता येईल. म्हणून या कामाची बरीचशी तालीम ही जिभेवर आलेला सल्ला आवरण्याची तालीम असते.

या विचाराची मुळे खेळाच्या मैदानात आहेत. मनगट असे ठेवा, खांदा तसा वळवा अशा सूचनांचा भडिमार झाला की खेळाडू मनातल्या मनात स्वतःवरच ओरडू लागतो आणि त्याचा खेळ आणखी आखडतो, हे टिमोथी गॉलवे या अमेरिकी टेनिस प्रशिक्षकांच्या लक्षात आले. त्यांनी सूचना कमी केल्या. चेंडू जमिनीवर आदळताच एक शब्द मोठ्याने म्हणायचा आणि रॅकेटवर येताच दुसरा, एवढेच ते खेळाडूला सांगत. लक्ष चेंडूवर खिळले की बराचसा फटका आपोआप सुधारतो, हा आपला अनुभव त्यांनी १९७४ साली पुस्तकरूपाने मांडला. पुढे मोटार शर्यतींच्या जगातून आलेले ब्रिटिश जॉन व्हिटमोर आणि त्यांचे सहकारी यांनी १९८०च्या दशकात हीच दृष्टी उद्योगधंद्यांत नेली.

सल्ला आवरणे ऐकायला सोपे वाटते, पण ते तसे नाही, कारण सल्ला नेहमी उघडपणे येत नाही. पुष्कळदा तो प्रश्नाचा वेश घेऊन येतो. समजा, क्लायंट म्हणतो, "मला नोकरी बदलायची आहे, पण घरच्यांना ते पटणार नाही." नवखा कोच लगेच विचारतो, "मग तुम्ही त्यांच्याशी एकदा मोकळेपणाने बोलून का बघत नाही?" यात प्रश्नचिन्ह सोडले तर प्रश्नासारखे काही नाही. उत्तरही ठरलेले असते : "आमच्या घरच्यांचा स्वभाव तुम्हाला माहीत नाही." आता कोच दुसरा उपाय सुचवतो, क्लायंट त्यातली अडचण दाखवतो आणि उरलेला वेळ या ओढाताणीत जातो.

त्याच ठिकाणी कोच एवढेच म्हणाला असता, "नोकरी बदलायचं तुमचं ठरलेलं दिसतंय, अडतंय ते घरच्यांपाशी," आणि मग गप्प राहिला असता, तर बऱ्याचदा असे काही पुढे येते : "खरं सांगायचं तर घरी मी अजून विषयच काढलेला नाही." येथे कोचने विचारावे, "मग आज कशावर बोलू या, नोकरीवर की घरी होणाऱ्या त्या बोलण्यावर?" संभाषणाचा रोख बदलला आणि तो क्लायंटने बदलला. कोचने केले ते एक विधान आणि थोडे मौन.

हे असे का घडते, याचे चांगले विवेचन विल्यम मिलर आणि स्टीफन रोलनिक या मानसशास्त्रज्ञांच्या कामात सापडते. मिलर यांनी १९८३ साली मद्यपानाच्या समस्या असलेल्या लोकांशी कसे बोलावे यावर लिहिताना हा मुद्दा मांडला आणि पुढे दोघांनी मिळून त्याची एक पद्धत तयार केली. माणूस एखाद्या बदलाबाबत द्विधा मनःस्थितीत असतो, तेव्हा त्याच्या मनात दोन्ही बाजू हजर असतात. तुम्ही बदलाची बाजू उचलून धरलीत की त्याला दुसरी बाजू लढवावी लागते, आणि लढवता लढवता ती त्यालाच अधिक पटू लागते. कोच होऊ पाहणाऱ्याने ही एक गोष्ट जरी पक्की मनात ठेवली, तरी त्याची निम्मी चुकीची वाक्ये टळतील असे मला वाटते.

ऐकण्याचा सराव कसा करावा? नुसते 'लक्षपूर्वक ऐका' म्हणून काही होत नाही. सर्वांत उपयोगी आणि सर्वांत नकोसा वाटणारा मार्ग म्हणजे आपल्याच सेशनचे ध्वनिमुद्रण ऐकणे. क्लायंटची स्पष्ट परवानगी घेऊन संभाषण मुद्रित करावे, त्यातली कोणतीही दहा मिनिटे शब्दशः कागदावर उतरवावीत आणि आपल्या प्रत्येक वाक्यापुढे ते काय आहे हे लिहावे : खुला प्रश्न, हो-नाही उत्तराचा प्रश्न, ऐकलेल्याचा प्रतिसाद, सल्ला, की स्वतःची गोष्ट. क्लायंटचे वाक्य पुरे होण्याआधी आपण कुठे कुठे तोंड उघडले, तेही खुणेने दाखवावे. आपण फारसे बोलत नाही असा ज्यांचा ठाम समज असतो, त्यांनाही हा कागद वेगळेच काही सांगतो. ज्या वाक्यांपुढे 'सल्ला' लिहिले असेल, त्या प्रत्येकाच्या जागी दुसरे काय म्हणता आले असते ते लिहून काढावे आणि पुढच्या सेशनमध्ये त्यांपैकी एकच सवय बदलण्याचा प्रयत्न करावा. सगळे एकदम सुधारायला गेलात तर संभाषण सोडून स्वतःकडेच लक्ष राहते.

मौनाचा सराव वेगळा करावा लागतो. क्लायंट थांबला की आणखी थोडे थांबावे. तो विचार करत असतो, आणि आपल्याला अवघडल्यासारखे झाले म्हणून त्याचा विचार तोडण्याचा आपल्याला अधिकार नाही.

प्रश्नांबाबत दोन पथ्ये पुरेशी आहेत. एका वेळी एकच प्रश्न विचारावा, आणि 'तुम्ही असं का केलंत?' या प्रकारचा प्रश्न शक्यतो टाळावा, कारण त्यावर माणूस खुलासे देऊ लागतो. 'त्या वेळी नेमकं काय चाललं होतं?' असे विचारले तर तो प्रसंग आठवू लागतो. प्रभावी प्रश्नांच्या छापील याद्या मिळतात, त्या वाचायला हरकत नाही. पण सेशनमध्ये यादी मनात असली की समोरचा काय बोलला हे निसटते.

संभाषणाला सांगाडा हवा असल्यास व्हिटमोर यांनी प्रसिद्ध केलेला 'ग्रो' हा चार टप्प्यांचा आराखडा शिकून घ्यावा : ध्येय, वास्तव, पर्याय आणि संकल्प. बहुतेक नवशिके वास्तवाच्या टप्प्यावरून घाईने पुढे सरकतात आणि पर्यायांची खैरात करतात. वास्तव नीट तपासले की पर्याय थोडेच उरतात आणि ते खरे असतात. हा क्रम सरळ रेषेतलाच असावा असेही नाही. वास्तव पाहिल्यावर ध्येय बदलणे ही नेहमीची गोष्ट आहे.

शेवटचा टप्पा मात्र ढिला सोडू नये. 'प्रयत्न करीन' म्हणजे काहीच ठरले नाही. कधी, कुठे आणि किती हे क्लायंटच्याच तोंडून यायला हवे. पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञांच्या संशोधनातून असे दिसले आहे, की 'अमुक प्रसंग आला की मी तमुक करीन' अशा रूपात केलेला संकल्प नुसत्या इच्छेपेक्षा अधिक वेळा पार पडतो. उदाहरणार्थ, 'रोज लिहीन' याऐवजी 'सकाळचा चहा संपला की फोन दुसऱ्या खोलीत ठेवून अर्धा तास लिहीन'. पुढच्या भेटीत ते झाले नसेल तर गृहपाठ तपासणाऱ्या मास्तरांचा सूर लावू नये. न होण्यातून काय कळले, हाच त्या दिवशीचा विषय होऊ शकतो.

आपल्या कामाची सीमा ओळखणे हे कौशल्यच आहे. सतत खिन्नता, दीर्घकाळ बिघडलेली झोप किंवा भूक, व्यसन, जुन्या आघातांच्या वारंवार येणाऱ्या आठवणी यांपैकी काही दिसत असेल, तर ते काम मानसोपचारतज्ज्ञांचे आहे. स्वतःला इजा करण्याचा विषय निघाला, तर त्याच भेटीत त्या माणसाला योग्य मदतीशी जोडून द्यावे. यासाठी संपर्काची माहिती आधीच हाताशी असावी. पहिल्या सेशनपूर्वी गोपनीयता, तिचे अपवाद, शुल्क, भेटींची संख्या आणि भेट रद्द करण्याचा नियम लेखी ठरवून घ्यावा. पैसे क्लायंटची कंपनी देत असेल, तर कंपनीला काय कळवले जाईल आणि काय नाही, हे तिघांनाही माहीत असले पाहिजे.

सुरुवातीचा सराव जोडीदारावर किंवा जिवलग मित्रावर करू नये. त्यांच्या निर्णयात आपलाही जीव गुंतलेला असतो. सोबत शिकणाऱ्या तिघांचा गट अधिक चांगला : एक कोच, एक क्लायंट, एक निरीक्षक, आणि भूमिका आळीपाळीने बदलाव्यात.

आता प्रमाणपत्रांविषयी. अनेक देशांत कोच म्हणवून घेण्यासाठी परवाना लागत नाही, त्यामुळे या क्षेत्रात हौशे, नवशे, गवशे सगळेच भेटतात. १९९५ साली स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय कोचिंग महासंघ, अर्थात आयसीएफ, ही संस्था तीन स्तरांवर मान्यता देते. पहिल्या 'एसीसी' स्तरासाठी किमान ६० तासांचे शिक्षण आणि १०० तासांचा प्रत्यक्ष कोचिंगचा अनुभव लागतो. 'पीसीसी'साठी १२५ आणि ५००. तर 'एमसीसी'साठी २०० आणि २५००. शिक्षण आणि सराव यांचे हे प्रमाण वर चढताना कसे बदलते ते पाहण्यासारखे आहे. अभ्यासक्रम निवडताना माहितीपत्रकातील विषयांपेक्षा एक प्रश्न आधी विचारावा : माझी प्रत्यक्ष सेशन्स कोणी अनुभवी कोच ऐकणार आहे का, आणि त्यावर मला वाक्यावाक्यानुसार अभिप्राय मिळणार आहे का? याचे उत्तर गोलमाल आले, तर दुसरा अभ्यासक्रम शोधावा.