मोठेपणी सर्कमसिजन करायचं ठरलंय? पद्धती कुठल्या आणि घरी आल्यावर काय करायचं
मी बेळगावात सर्जरीच्या ड्रेसिंग रूममध्ये काम करतो. खानापूर, निपाणी, चिकोडी, पार चंदगडकडनं पण माणसं येतात, आणि लिंगाच्या कातडीचा त्रास असलेला चाळीस-पन्नाशीचा माणूस आला की केसपेपरवर काय लिहायचं ते सुद्धा हळू आवाजात सांगतो. वर्ष वर्ष त्रास अंगावर काढून मग येतात ओ, म्हणून हे सगळं एकदा सविस्तर लिहून ठेवतोय. सर्कमसिजन म्हणजे सुंता, लिंगाच्या टोकावरची कातडी काढायचं ऑपरेशन.

आधी एक सांगतो, मोठेपणी होणारी आमच्याकडची बहुतेक ऑपरेशनं आजारासाठी असतात, त्यात धर्माचा काही विषय नाही. जास्त करून शुगरवाले. शुगर वाढली की लघवीत साखर उतरते, ती कातडीखाली राहते, तिथं बुरशी धरते, मग खाज आणि चिरा, त्या चिरा भरताना कातडी आवळत जाते, आवळली की मागं सरकवून धुता येत नाही आणि परत बुरशी, असं चक्रच चालू होतं. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या शुगरच्या गोळ्या तर साखर लघवीवाटेच बाहेर काढतात, त्यामुळं त्या चालू असतील तर सर्जनला सांगा, पण स्वतःच्या मनानं बंद करू नका.

सगळ्यांना ऑपरेशन लागतंच असं पण नाही. नुसती आवळलेली कातडी असेल तर डॉक्टर आधी बेटामेथासोनसारखं स्टेरॉइड क्रीम ४ ते ८ आठवडे लावायला देतात, बऱ्याच जणांची कातडी त्यावर सैल होते. खालची शीर, म्हणजे कातडीला टोकाशी जोडणारी बारीक पट्टी, आखूड असून सारखी फाटत असेल तर काही वेळा तेवढीच मोकळी करतात, सगळी कातडी काढत नाहीत. पण कातडी पांढरी, कडक, चामड्यासारखी झाली असेल तर बहुतेक वेळा ती काढावीच लागते. आणि मागं सरकलेली कातडी पुढं येईना, टोक सुजायला लागलं, तर सकाळची वाट बघू नका, त्याच रात्री कॅज्युअल्टीत जावा. बसस्टँडच्या भिंतीवर गुप्तरोगाचे बोर्ड असतात त्यांच्याकडं मात्र अजिबात जाऊ नका, सरळ सर्जन नाहीतर युरोलॉजिस्ट गाठा.

आता पद्धती. जुनी आणि कुठंही होणारी म्हणजे टाक्यांची. त्यात पण प्रकार आहेत, वरनं एक उभी चीर देऊन कातडी कापतात, किंवा आतला आणि बाहेरचा असे दोन गोल काप घेऊन मधला पट्टा काढतात, त्याला स्लीव्ह म्हणतात आणि हातात कसब असलेल्या सर्जनच्या हातनं ती फार नीट दिसते. अर्धा-पाऊण तास लागतो, टाके विरघळणारे असतात, दोन-तीन आठवड्यांत आपोआप पडतात. दुसरी स्टेपलरची, हल्ली हिचीच चौकशी जास्त. टोकावर घंटीसारखी टोपी बसवून मशीन दाबलं की कातडी कापली जाते आणि बारीक पिना एकदमच बसतात, काम दहा-पंधरा मिनिटांचं. पिना पुढच्या काही आठवड्यांत गळतात, एखादी अडकली तर आम्ही काढून देतो. पण कातडी फारच आवळलेली असेल तर ती टोपी आत जायला आधी चीर द्यावीच लागते, आणि कडक झालेल्या कातडीला टाकेच बरे पडतात. स्टेपलर एकदाच वापरायचा असतो, त्याचा खर्च वेगळा लावतात, तर नवीन सीलबंद पाकीट आहे ना ते विचारायला लाजू नका. तिसरी लेझर, म्हणजे कापायचं काम लेझरनं, टाके त्यात पण असतातच. बोर्डावर लेझर लिहिलेलं असेल तर आत नक्की काय वापरणार ते विचारून घ्या. शांग रिंग म्हणून चीनमधली प्लॅस्टिकची रिंग आहे, तिला २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली, ती आफ्रिकेत बरीच चालते, आपल्याकडं क्वचित.

माझं मत विचाराल तर पद्धतीपेक्षा सर्जनचा हात आणि तुमची शुगर जास्त महत्त्वाची.

ऑपरेशनच्या आधी शुगर ताब्यात आणा, डॉक्टर एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी रक्ततपासणी, करायला सांगतील. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल अशी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर पहिल्याच भेटीत सांगा. लघवीचं तोंड जन्मापासनं खालच्या बाजूला असेल तर ते पण सांगाच, कारण ते दुरुस्त करायला हीच कातडी लागू शकते. भूल बहुतेक वेळा जागेवरच देतात, मुळाशी सुई टोचून, टोचताना दुखतं आणि मग बधिर होतं. संमतीचा फॉर्म कन्नड किंवा इंग्लिशमध्ये असतो, वाचता येत नसेल तर सिस्टरला मराठीत सांगायला लावा आणि मगच सही करा, आपल्या भागात मराठी येणारं कोण ना कोण असतंयच. परत जाताना गाडी स्वतः चालवायची नाही, कुणाला तरी सोबत आणा.

खरी कसोटी घरी. ड्रेसिंग एक-दोन दिवसांनी काढायचं असतं, आणि सगळ्यात जास्त घोळ इथंच होतो. रक्त वाळून पट्टी टाक्याला चिकटते, माणूस ओढतो आणि परत रक्त. मी काय करतो, कोमट सलाईन त्या गॉजवर, म्हणजे जाळीच्या पट्टीवर, थेंब थेंब सोडत राहतो, पाच-दहा मिनिटं, गॉज गुलाबी होऊन फुगतो आणि आपसूक सुटतो, कडेनं अलगद उचलला की पेशंटला कळत पण नाही. घरी करायचं तर उकळून गार केलेलं पाणी घ्या, आणि घाई करू नका.

लिंग वरच्या दिशेनं, पोटाकडं करून घट्ट चड्डीत ठेवायचं, खाली लोंबकळत ठेवलं की सूज उतरत नाही. खालच्या शिरेच्या जागी पाणी भरल्यासारखी फुगवटी येते, ती काही आठवडे राहू शकते, घाबरू नका. चौथ्या-पाचव्या दिवशी टाक्यांवर पिवळसर थर दिसतो, बरेच जण त्याला पू समजून खरडतात, तो भरणाऱ्या जखमेचाच थर असतो, हात लावू नका. वास येणारा घट्ट पाझर, वाढत जाणारी लाली आणि ताप असेल तर तो पू. हळद, राख, खोबरेल, कुणी सांगितलेला पाला, यातलं काहीच लावायचं नाही.

रात्री झोपेत ताठरता येते आणि टाके ओढतात, पहिला आठवडा हा त्रास सगळ्यांनाच होतो. झोपायच्या आधी लघवी करून घ्या, संध्याकाळनंतर पाणी बेतानं प्या, जाग आली की उठून गार फरशीवर चार पावलं चाला, उतरतं. उघडं पडलेलं टोक चड्डीला घासून चुणचुणतं, घरात लुंगी असेल तेव्हा कागदी कपाचा तळ कापून वरनं ठेवला तर कापड टेकत नाही. लघवीची धार सुरुवातीला दोन-तीन दिशांना जाते, बसून करा.

ऑफिसवाले तीन-चार दिवसांत कामाला जातात. शेतातलं काम, पोती उचलणं, ऊसतोड असेल तर दोन आठवडे थांबा, आणि टू-व्हीलर पण तेवढे दिवस नकोच, आपले रस्ते माहीत आहेत की. विहिरीत, नदीत पोहायचं नाही. संबंध सहा आठवडे बंद, हस्तमैथुन पण, नीट वाटलं तरी बंद, कारण जखम कच्ची असताना संबंध आला तर ती फाटते आणि इन्फेक्शन सहज आत जातं. बायकोला हे आधीच सांगून ठेवा, आणि तिला खाज, पांढरं जाणं असेल तर तिची तपासणी पण करून घ्या. सर्कमसिजननं बाईकडनं पुरुषाला होणारा एचआयव्ही साधारण ६० टक्क्यांनी कमी होतो असं आफ्रिकेतल्या चाचण्यांत दिसलं, ते खरं आहे, पण ते शंभर टक्के नाही, कंडोम लागतोच.

दाबून धरलं तरी रक्त थांबेना, लघवी अडकली, टोक काळं-निळं पडलं किंवा थंडी वाजून ताप आला तर फोन करत बसू नका, थेट हॉस्पिटल. आणि डॉक्टरनी कातडीचा तुकडा तपासायला पाठवला असेल तर तो रिपोर्ट स्वतः जाऊन घ्या आणि त्यांना दाखवा, टाके पडले म्हणून बरेच जण तिकडं फिरकतच नाहीत आणि कॅन्सरची शंका होती का नव्हती ते त्या कागदावरच असतं.