मेमरी कार्ड आणि डिस्कार्ड : या चुका टाळा

फ्लॅश मेमरीत लिहिलेल्या जागेवर थेट पुन्हा लिहिता येत नाही, आधी आख्खा ब्लॉक पुसावा लागतो. आपण फाइल डिलीट केली तरी कार्डातल्या कंट्रोलरला त्याचा पत्ता नसतो. ‘ही जागा आता रिकामी’ असं त्याला कळवणं म्हणजे डिस्कार्ड. एवढंही समजून न घेता पोरं कुठल्यातरी व्हिडिओतली कमांड डकवतात आणि मेलेलं कार्ड घेऊन सांगलीच्या विश्रामबागेत माझ्याकडे येतात.

मला सगळ्यात जास्त छळणारी चूक म्हणजे एफएसट्रिम आणि ब्लकडिस्कार्ड या लिनक्सच्या दोन कमांड एकच समजणं. एफएसट्रिम फाइलींचा हिशेब ठेवणाऱ्या फाइलसिस्टिमकडून रिकामी जागा विचारून तेवढीच कळवतं. ब्लकडिस्कार्ड कुणाला काही विचारत नाही, सगळं डिव्हाइसच रिकामं म्हणून सांगून टाकतं. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत्याकडे रास्पबेरी पाय या मेमरी कार्डावर चालणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरवर सौद्यांच्या नोंदी होत्या. मशीन जड झालं म्हणून पुतण्यानं ब्लकडिस्कार्ड मारलं. डिव्हाइस वापरात आहे म्हणून कमांडनं नकार दिला. बरोबरच होतं, ही कमांड ज्या संचात येते त्या युटिल-लिनक्समध्ये 2.36 पासून ती राखण आहे. तर पठ्ठ्यानं फोर्सचा स्विच लावला! “अण्णा, आता कार्ड एकदम मोकळं झालं बघा,” असं वर काकांना सांगितलं. मोकळं झालंच होतं. रिकव्हरीचं सॉफ्टवेअर लावलं तर नुसती शून्यं. शेवटी कच्च्या पावत्यांवरून नोंदी पुन्हा भराव्या लागल्या. फोर्स लावायची घाई सुटते, तिथं मी कीबोर्डवरून हात काढतो आणि चहा घेतो.

यूएसबी रीडरमध्ये एफएसट्रिम चालत नाही म्हणून कार्डाला शिव्या देऊ नका. बरेच रीडर डिस्कार्ड पुढे पाठवतच नाहीत. मी आधी डिव्हाइसची यादी दाखवणाऱ्या एलएसबीएलके कमांडला डिस्कार्डचा पर्याय लावून बघतो. डिस्क-ग्रॅन आणि डिस्क-मॅक्स या रकान्यांत शून्य दिसलं की विषय संपला, तिथून डिस्कार्ड जात नाही. कार्ड बोर्डाच्या स्लॉटात घालायचं, यादीत त्याचं एमएमसीबीएलके असं नाव दिसलं की पुन्हा बघायचं. रीडरला डिस्कार्ड येतं असं लिनक्सला भासवायला प्रोव्हिजनिंग मोडमध्ये जबरदस्तीनं ‘अनमॅप’ लिहायचा जुगाड मी करत नाही, कुणाला सांगतही नाही.

कुठली डिस्क कशी जोडायची ते सांगणाऱ्या एफएसटॅब फाइलमध्ये ‘डिस्कार्ड’ लिहून प्रत्येक डिलीटला कार्डाला कामाला लावू नका. आठवड्याचा एफएसट्रिम टायमर पुरतो.

‘सपोर्ट आहे’ असं कार्डानं सांगितलं तरी डोळे झाकून मानू नका. सॅनडिस्कची काही कार्डं डिस्कार्ड येतं म्हणायची, प्रत्यक्षात येत नव्हतं. फॉरमॅट करताना ती रीड-ओन्ली होऊ शकायची. 2022 मध्ये लिनक्सच्या, कार्ड चालवणाऱ्या एमएमसी ड्रायव्हरमध्ये त्यांच्यासाठी खास अपवाद घातला, तिथं डिस्कार्डऐवजी साधा इरेज जातो. त्याआधीचा कर्नल (लिनक्सचा गाभा) असेल तर ईएक्सटी4 या फाइलसिस्टिममध्ये फॉरमॅट करताना ‘नोडिस्कार्ड’ द्या.