सायकलिंगची शॉर्ट्स घेताना वाकून बघा

दुकानात आरशासमोर छान दिसलेली पॅडवाली शॉर्ट्स तासाभरात काचायला लागते, कारण आपण बायका ती सरळ उभं राहून बघतो.

१. ट्रायल रूममध्ये हँडल धरल्यासारखं कमरेत वाका, एक गुडघा वर घ्या. पॅड बसायच्या दोन हाडांखाली यायला हवं, पाठ उघडी पडता कामा नये. पॅडला चुणी पडली तर एक साइज लहान मागा.

२. शॉर्ट्स उलटी करून आतून बोट फिरवा. पॅडच्या मधोमध जाड शिवण लागली तर परत द्या, कितीही स्वस्त असो.

३. पॅड बायकांसाठीचंच घ्या, ते मागे रुंद असतं. पुरुषांचं ‘चालतंय की’ म्हणून गळ्यात मारतात. आणि जाड म्हणजे आरामदायक असं मुळीच नाही. फार मऊ पॅड दबून गोळा होतं.

दुकानात मापासाठी आत निकर असू द्या, सायकलवर मात्र नको. हे ऐकून पुष्कळ जणी बिचकतात, पण मांडीच्या सांध्यात घासतं ते तिचं इलॅस्टिकच. संकोच वाटलाच तर वरून सैल हाफ पँट चढवा.

राइडनंतर ओल्या पॅडवर मिसळ खात बसू नका, पुरळ उठतं. दर वेळी धुवा, फॅब्रिक कंडिशनर न घालता.